खुष्कीच्या वाटेची सोबत

नंदुरबारहून निघावे, सातपुड्याची निळी रांग मागे टाकावी, आणि समुद्र न ओलांडता, विमानाचा आश्रय न घेता, केवळ जमिनीच्या आधाराने आशियाची पठारे, वाळवंटे आणि पर्वत पार करीत युरोपच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जावे, अशी एक इच्छा माझ्या मनात तरुणपणापासून वस्तीला आहे. शाळेच्या नोकरीत असताना ती भूगोलाच्या तासापुरती डोके वर काढी आणि घंटा झाली की पुन्हा मनाच्या तळाशी जाऊन बसे. परंतु आता सेवानिवृत्तीनंतर, मुले आपापल्या ठिकाणी स्थिरस्थावर झाली असताना आणि प्रकृतीने अद्याप साथ सोडलेली नसताना, तिला अधिक काळ थोपवून धरणे मला अनुचित वाटू लागले आहे. म्हणून प्रवासाला लागणाऱ्या गोष्टींची मी यादी केली. गाडी, पैसा, परवाने, औषधे, नकाशे ही सारी सामग्री खटपट केली तर यथाकाल जमेल असा भरवसा वाटला. एकच गोष्ट अशी उरली, की जी कोणत्याही पेठेत विकत मिळत नाही आणि कोणत्याही कचेरीत अर्ज करून मंजूर होत नाही. ती म्हणजे सोबत.

महाभारताच्या वनपर्वात, तळ्याकाठी निश्चेष्ट पडलेल्या भावांच्या सान्निध्यात उभ्या असलेल्या युधिष्ठिराला यक्षाने जे अनेक प्रश्न विचारले, त्यांत प्रवासाला निघालेल्या माणसाचा मित्र कोण, हाही एक प्रश्न होता. युधिष्ठिराने उत्तर दिले की प्रवाशाचा मित्र सार्थ, म्हणजे वाटेने एकत्र चालणारा समुदाय; घरी राहणाऱ्याची मित्र त्याची भार्या, रोग्याचा मित्र वैद्य, आणि मरणोन्मुख मनुष्याचा मित्र त्याने केलेले दान. या उत्तरातील शहाणपण वय वाढत गेले तसतसे मला अधिक गहन वाटू लागले. मनुष्याच्या प्रत्येक अवस्थेला तिचा तिचा स्वतंत्र मित्र असतो, असा त्याचा मथितार्थ आहे. घरच्या ओसरीवर जो जिवाभावाचा सखा ठरला तोच वाटेवरही सखा ठरेल, असे धर्मराजाने गृहीत धरले नाही. वाटेवरच्या मैत्रीला त्याने निराळे नाव आणि निराळे स्थान दिले. आपण मात्र प्रवासाचा सोबती शोधताना प्रथम घरच्या मित्रांकडेच पाहतो, त्यांच्या आवडीनिवडी आपल्याशी जुळतात एवढ्यावर संतुष्ट होतो, आणि दोन हजार कोसांच्या वाटेवर आवडीनिवडींचे महत्त्व किती अल्प असते हे विसरतो.

या प्रश्नाची व्यवहाराची बाजू आधी पाहणे भाग आहे. कारण पुष्कळांना सोबत्याची गरज प्रथम व्यवहारामुळेच भासते. एक काळ असा होता की लंडनपासून कलकत्त्यापर्यंतचा रस्ता मोटारींना सलग खुला होता. १९५७ साली गॅरो-फिशर नावाच्या गृहस्थांनी ‘इंडियामन’ ही बस वीस उतारू घेऊन लंडनहून काढली. एप्रिलच्या मध्यावर निघालेली ती बस जूनच्या आरंभी कलकत्त्यास पोहोचली. एकमेकांना कालपरवापर्यंत अनोळखी असलेली माणसे एका छपराखाली इतके आठवडे राहिली, हे त्या प्रवासाचे मला अंतरापेक्षा अधिक मोठे नवल वाटते. पुढची वीस-बावीस वर्षे तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांतून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या तरुणांची त्या वाटेवर रीघ लागलेली असे. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तो रस्ता मधोमध तुटला.

आज आपल्या मुलखाची गाडी घेऊन केवळ खुष्कीने पश्चिमेकडे जाऊ इच्छिणारे प्रवासी नेपाळातून तिबेटात चढतात, चीनचा विस्तीर्ण प्रदेश ओलांडून किरगिझस्तानात बाहेर पडतात आणि तेथून पुढची वाट धरतात. चीनच्या हद्दीत परकी गाडी घ्यायची तर ती सरकारमान्य संस्थेमार्फतच घ्यावी लागते, तात्पुरता परवाना आणि तात्पुरती पाटी काढावी लागते, आणि सरहद्दीपासून सरहद्दीपर्यंत त्या संस्थेचा वाटाड्या बरोबर बाळगावा लागतो. हा सारा खर्च एका गाडीवर पडला तर कंबर मोडते. तीनचार गाड्यांनी वाटून घेतला तर सोसवतो. शिवाय नेपाळ आणि इराण यांसारख्या देशांत गाडी नेताना कार्ने नावाचे हमीपत्र लागते. नेलेली गाडी त्या देशात विकली जाणार नाही, मुदतीत बाहेर काढली जाईल, याबद्दल तो एक जामीन असतो, आणि मोगल अमलातील दस्तकाचा तो आधुनिक वंशज आहे असे म्हणावयास हरकत नाही. अशा रीतीने परवान्याने, पैशाने आणि सुरक्षिततेच्या विचाराने माणसे माणसांना शोधू लागतात. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. खर्चाचे वाटेकरी होऊन एकत्र आलेली माणसे जन्माचे सोबती होऊन परतल्याची उदाहरणे आहेत. प्रश्न इतकाच, की वाटेकऱ्याचा सोबती कोणत्या क्षणी होतो.

नंदुरबारच्या माणसाने हा प्रश्न हाती घ्यावा यात औचित्य आहे असे मला वाटते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आमचा जिल्हा आज महाराष्ट्राच्या नकाशात एका कोपऱ्यात पडलेला दिसतो आणि मुंबई-पुण्याकडच्या लोकांना तो आडबाजूचा वाटतो. परंतु ज्या काळी सुरत हे मोगल बादशाहीचे पश्चिमेकडील महाद्वार होते, त्या काळी सुरतेहून बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम करीत खानदेश सुभ्याचे ठाणे बुऱ्हाणपूर गाठणारा आणि तेथून आग्र्याच्या दिशेने वळणारा राजमार्ग आमच्या कसब्यातून जात होता. मक्केहून परतणारे हाजी, वखारींचे गुमास्ते, बादशहाच्या दर्शनाला निघालेले वकील आणि दूरदेशीचे जवाहिरे या मातीवरून गेले. तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या तांदळाची जी वाखाणणी केली आहे ती वाचून आजही आमच्या लोकांची छाती फुगेल: दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्म्याने लहान, शिजल्यावर बर्फाहून शुभ्र, आणि गंध कस्तुरीचा, इराणात कोणाला नजराणा द्यायचा तर या तांदळाची एक गोणी पुरेशी होई, असे तो सांगतो. १६६६ साली इंग्रजांनी नंदुरबारात वखार घातली ती या मार्गाच्या महत्त्वामुळेच.

त्या मार्गावर एकटा मनुष्य सहसा चालत नसे. चोरांचे भय, जकातीच्या चौक्या, नदीनाल्यांचे उतार आणि पाण्याची टंचाई या साऱ्यांपुढे एकट्याचे काही चालत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून लहान टोळ्या मोठा काफिला येईपर्यंत मुक्कामावर पडून राहत आणि तो आला की त्याच्या शेपटाला जोडून घेत. १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा इंग्रज गुमास्ता सुरतेहून आग्र्याकडे निघाला तेव्हा गुजरात आणि खानदेश भयंकर दुष्काळाने होरपळत होते. नंदुरबारास पोहोचल्यावर तंबू ठोकायला प्रेतांवाचून मोकळी जागा मिळणे कठीण झाले, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या भूमीवर मी रोज सकाळी निश्चिंतपणे फिरावयास जातो तिच्याविषयीचे हे वाक्य वाचल्यावर माझे मन कित्येक दिवस अस्वस्थ होते. त्या वर्षी काफिल्यात असणे आणि काफिल्याबाहेर असणे यांतील अंतर हे जीवन आणि मरण यांतील अंतर होते. आणि सोबत, जिला आपण चैनीची, मनोविनोदाची बाब समजतो ती मुळात प्राणरक्षणाची बाब होती, याची जाणीव त्या वाक्याने मला करून दिली.

परंतु नंदुरबारवरून गेलेल्या सर्व प्रवाशांत सोबतीच्या विषयावर ज्याच्याकडून सर्वाधिक शिकावे असा पुरुष मंडीच्याही सुमारे तीनशे वर्षे आधी येथे आला होता. इब्न बतूता हा मोरोक्कोचा मुसाफिर १३४२ साली दिल्लीहून, महंमद तुघलकाचा वकील या नात्याने, चीनच्या बादशहाकडे जाण्यासाठी निघाला. दौलताबाद पाहून तो नंदुरबारास आला आणि येथून पुढे खंबायतेकडे गेला. या गावी मराठ्यांची वस्ती असून ते कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, भात, भाज्या आणि तिळाचे तेल असा त्यांचा आहार असून प्राणिमात्राला दुःख देणे त्यांना आवडत नाही, अशी आमची नोंद त्याने केली आहे. येथे आला तेव्हा त्याच्याबरोबर मोठा लवाजमा होता: चीनहून आलेले पंधरा वकील होते, जहीरुद्दीन झंजानी हा विद्वान अमीर होता, नजराण्यांची रखवाली करणारा सुंबुल होता, घोडे आणि सेवक होते. मात्र या वैभवाच्या सतरा वर्षे आधी, १३२५ साली, एकविसाव्या वर्षी हा तरुण तांजियेहून बाहेर पडला तेव्हा त्याच्याबरोबर एकही सोबती नव्हता आणि कोणताही काफिला नव्हता, हे त्याने स्वतः सांगितले आहे.

त्या पहिल्या प्रवासातील तीन प्रसंग मला सोबतीच्या शास्त्राचे तीन पाठ वाटतात. बिजाया या शहरी त्याला ताप आला. अबू अब्दुल्ला झुबैदी या सद्गृहस्थाने त्याला बरे होईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. तो ऐकेना, तेव्हा त्याच गृहस्थाने सांगितले की जड सामान विकून टाक, जनावर आणि तंबू मी तुला उसना देतो. सल्ला मानला नाही म्हणून रागावून दूर न होता, मानल्या न गेलेल्या सल्ल्याच्या परिणामांतही जो वाटा उचलतो, तो पहिला पाठ. पुढे वाटेत लुटारूंचे भय असल्यामुळे काफिला वेगाने निघाला, तापाने ग्लानी आलेल्या त्या तरुणाने पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराशी बांधून घेतले आणि तसाच तो पुढे गेला. समुदाय असूनही जो आपल्यासाठी थांबू शकत नाही अशा समुदायात मनुष्य किती एकाकी असतो, हा दुसरा पाठ. आणि ट्यूनिसला पोहोचल्यावर गावचे लोक सामोरे आले, ज्याने त्याने आपल्या ओळखीच्याला मिठी मारली, याला मात्र कोणी ओळखेना. तेव्हा त्याला रडू कोसळले. त्याची ती अवस्था एका यात्रेकरूच्या ध्यानात आली, तो जवळ आला, त्याने कुशल विचारले, आणि गावात शिरेपर्यंत तो त्याच्याशी बोलत राहिला. त्या यात्रेकरूचे नावही आपल्याला ठाऊक नाही. सोबत पुष्कळदा इतकीच असते आणि इतकी पुरते, हा तिसरा पाठ.

दिल्लीहून निघाल्यावर कोईलजवळ, म्हणजे आजच्या अलीगढजवळ, झालेल्या चकमकीत त्याच्या पथकातील काफूर हा अधिकारी मारला गेला, तो स्वतः साथीदारांपासून तुटला, पकडला गेला, सुटला, आणि कित्येक दिवस रानावनांतून लपतछपत भटकला. तहानेने आणि थकव्याने त्याचे पाय चालेनासे झाले तेव्हा पाण्याचे भांडे आणि काठी घेतलेला एक अनोळखी पुरुष त्याला भेटला. त्याने त्याला खाऊ घातले, पाणी दिले, आणि चालवत नाही असे दिसताच त्याला पाठीवर घेऊन वस्तीपर्यंत पोहोचवले. इब्न बतूता जागा झाला तेव्हा तो मनुष्य निघून गेला होता. अशा रीतीने जगाच्या त्या सर्वश्रेष्ठ मुसाफिराचा जीव एका अनोळखी माणसाच्या पाठीवरून परत आला आणि म्हणूनच पुढे तो नंदुरबारास पोहोचू शकला. येथून जे सोबती त्याच्याबरोबर पुढे गेले त्यांच्यापैकी जहीरुद्दीन आणि सुंबुल कालिकतच्या किनाऱ्यावर तुफानात गलबत फुटून मरण पावले. वर्षानुवर्षे त्याच्या संगतीत असलेला तुझरी नावाचा यात्रेकरू गोव्याच्या संदाबूर बंदरी वारला. लांबच्या वाटेवरची सोबत ही अशी असते. ती दैवाने जुळते, प्रयत्नाने टिकते, आणि केव्हा संपेल याचा करार कोणी करून देत नाही.

सोबत संपण्याच्या या बाजूचा विचार आपण फारसा करीत नाही, पण तो करणे अगत्याचे आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे मुलूखच्या मुलूख तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मुंबईस परतले. उरलेल्या तिघांपैकी एक तेहरानहूनच माघारी फिरला होता आणि दोघांची वाट अमेरिकेत निराळी झाली होती. सहांचे तीन झाले म्हणून तो उपक्रम निम्मा फसला असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. एखाद्या सोबत्याला घरची ओढ लागावी, एखाद्याला परक्या देशात आपले घर सापडावे, आणि इतरांनी त्याला त्याच्या वाटेने जाऊ देऊन आपली वाट चालत राहावे, हाही सोबतीचाच धर्म आहे. याउलट १९२४ साली एकट्याने सायकलवर निघालेल्या फ्रामरोझ दावर यांना सोबती मिळाला तो व्हिएन्नात, आणि तोही परका, गुस्ताव स्तावयानिक नावाचा ऑस्ट्रियन तरुण. पुढे त्या दोघांनी मिळून सहारा ओलांडला आणि दक्षिण अमेरिकेतील अरण्ये पाहिली. मुंबईत जो सोबती सापडला नसता तो अर्ध्या वाटेवर सापडला. म्हणून सोबत मिळेपर्यंत उंबरठ्यावर बसून राहणे जसे चूक, तसे निघताना जे बरोबर असतील ते अखेरपर्यंत राहिलेच पाहिजेत असा हट्ट धरणेही चूक.

इतका विचार करून मी माझ्या सोबत्यांच्या शोधाला लागलो. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून आयुष्य घालवलेले माझे एक बालमित्र आहेत. संध्याकाळचा चहा आम्ही एकमेकांवाचून घेत नाही. मी प्रथम त्यांनाच विचारले. त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितले, “गुरुजी, तुम्ही परत याल तेव्हा ऐकायला मी असेन. इतकंच माझ्याकडून होईल.” मला त्या उत्तराने वाईट वाटले नाही, युधिष्ठिराच्या वर्गवारीत ते घरचे मित्र होते आणि स्वतःचे स्थान त्यांनी माझ्याआधी ओळखले होते. गावातले एक व्यापारी निम्मा खर्च उचलायला तयार झाले. ते सज्जन आहेत, शब्दाचे पक्के आहेत. परंतु त्यांच्या प्रत्येक प्रश्नात तारीख होती. कोणत्या दिवशी कोठे पोहोचायचे, एखादे गाव गाळले तर किती दिवस वाचतील, असा त्यांचा हिशेब चाले. त्यांच्या धंद्याला तो हिशेब आवश्यकच आहे. आमचे बोलणे सलोख्याने संपले.

मग तळोद्याच्या एका गॅरेजात गाड्या दुरुस्त करणारा, मूळचा धडगावकडचा, पावरा समाजातील एक तरुण माझ्याकडे आला. चांदसैलीच्या घाटातून माणसांनी खच्चून भरलेल्या जीपा वर्षानुवर्षे चढवणाऱ्या चालकांच्या गाड्या त्याच्या हाताखालून जातात. इंजिनाचा आवाज ऐकून तो त्याचे दुखणे सांगतो. मी त्याला नकाशा दाखवला, घाट दाखवले, चार हजार मीटरांहून उंच असलेल्या तिबेटच्या पठाराविषयी सांगितले. त्याने शांतपणे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, परक्या मुलखात मी आजारी पडलो तर तुम्ही पुढं जाल का थांबाल?” मी म्हणालो, थांबेन. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आणि तुम्ही आजारी पडलात तर? मी तुमच्यासाठी थांबलेलं तुम्हाला चालेल का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे होते, कारण दुसऱ्यासाठी थांबण्यात आपल्या उदारपणाला जागा मिळते. दुसरा प्रश्न अधिक खोल होता. आपल्यामुळे कोणाचा प्रवास अडला, कोणाचे दिवस गेले, कोणाचे पैसे गेले, हे सोसण्याची तयारी बहुतेक मानी माणसांजवळ नसते. आपण ओझे होऊ या भीतीने ती पागोट्याने स्वतःला खोगिराशी बांधून घेतात आणि तापात पुढे जातात. दुसऱ्याला आपल्यासाठी थांबू देणे ही नम्रतेची फार वरची पायरी आहे. त्या तरुणाने विचारलेल्या या दोन प्रश्नांत मला सोबतीची संपूर्ण व्याख्या सापडली. ज्याच्यासाठी मी थांबेन आणि ज्याने माझ्यासाठी थांबलेले मला चालेल, तो माझा सोबती. त्याची भाषा, वय, जात, शिक्षण आणि आवडीनिवडी काहीही असोत.

पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या दिंड्यांना हे शतकानुशतके ठाऊक आहे. मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर खानदेशातील माणसे महिनाभराहून अधिक काळ चालतात. त्यांत कोणी कोणाची परीक्षा घेऊन कोणाला निवडलेले नसते. परंतु एखाद्या म्हातारीच्या पायाला फोड आले तर तिचे गाठोडे दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, आणि उद्या त्या दुसऱ्याचे तिसऱ्याच्या. गाठोडे देणारीला संकोच वाटत नाही, घेणाऱ्याला उपकार केल्यासारखे वाटत नाही. आठ माणसे खांद्यावर पालखी घेतात तेव्हा जसा प्रत्येकाला दुसऱ्याच्या पावलाचा अंदाज आपोआप लागतो, तसा या लोकांना एकमेकांच्या थकव्याचा अंदाज लागलेला असतो.

याहून गंभीर अर्थाची एक यात्रा आमच्याच जिल्ह्यात भरते. अक्राणी तालुक्यात सातपुड्याचे अस्तंबा हे सुमारे १३२५ मीटर उंचीचे शिखर आहे. ते अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते, आणि धनत्रयोदशीच्या सुमारास आमचे आदिवासी बांधव, विशेषतः तरुण, जथ्याजथ्यांनी रानातून पायी चढून त्या शिखरावर दर्शनाला जातात. सौप्तिक पर्वात श्रीकृष्णाने अश्वत्थाम्याला दिलेला शाप आठवला की या यात्रेचा अर्थ अंगावर येतो. मृत्यूचा शाप त्याला मिळाला नाही. तीन हजार वर्षे या पृथ्वीवर एकट्याने, कोणाच्याही सोबतीवाचून, कोणाशीही न बोलता भटकत राहशील, असा शाप मिळाला. ज्या अपराधाला मरण अपुरे वाटले त्याला महाभारतकारांनी जी शिक्षा योजली ती सोबतीवाचूनच्या प्रवासाची होती. आणि आमच्या लोकांची श्रद्धा अशी आहे की कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत सातपुड्यात हिंडणारा हा शापित पुरुष वाट चुकलेल्या यात्रेकरूला वाट दाखवतो. ज्याला स्वतःला सोबत नाकारली गेली तो दुसऱ्याची सोबत करतो, आणि त्या एकाकी पुरुषाला भेटायला माणसे वर्षातून एकदा जथ्याने डोंगर चढून जातात, ही कल्पना ज्यांच्या मनातून उगवली त्यांना सोबतीचे मोल कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. माझ्याकडे आलेला तो तरुण अस्तंब्याच्या वाटेवर लहानपणापासून चालत आलेला आहे, हे मला नंतर कळले. आणि त्याचे ते दोन प्रश्न कोठून आले असतील, याचाही उलगडा झाला.

लांबच्या प्रवासाला सोबती शोधू पाहणाऱ्यांना मी म्हणून इतकेच सांगेन. आपल्या आणि त्याच्या आवडी जुळतात की नाही याची फार चौकशी करू नका. एकाला किल्ले आवडतात आणि दुसऱ्याला बाजार, एवढ्याने कोणतीही मोहीम मोडत नाही. पैशाचे बोलणे आरंभीच, उघडपणे आणि कागदावर करा, म्हणजे ते पुढे मनात राहत नाही. निघण्यापूर्वी एकदा तरी एकत्र एखादी अवघड वाट चाला. आमच्या भागातले असाल तर तोरणमाळ चढा किंवा अस्तंब्याला जा, आणि तेथे कोण पुढे धावते यापेक्षा कोण मागे वळून पाहते ते पाहा. वाटेत कोणाला परतावेसे वाटले तर त्याला दोष न देता निरोप द्या आणि वाटेत कोणी नवा भेटला तर त्याला जागा करून द्या. आणि या सर्वांआधी, दुसऱ्याची परीक्षा घेण्यापूर्वी, तो तरुण मला विचारून गेला ते दोन प्रश्न स्वतःला विचारा.

आमची तयारी आता सुरू झाली आहे. गाडीत माझी आणि त्या तरुणाची जागा ठरली आहे. दोन जागा अद्याप रिकाम्या आहेत. वयाची अट नाही, भाषेची नाही, ज्ञानाचीही नाही. ज्याला दुसऱ्यासाठी थांबता येते आणि दुसऱ्याने आपल्यासाठी थांबलेले सोसता येते, अशा कोणाही स्त्रीने अथवा पुरुषाने आमच्याबरोबर अवश्य यावे.